झाकलेल्या बाटलीची समीक्षा

दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या जवळ वसलेल्या माँपेलिए या शहरात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस सेंद्रिय वाइनचा एक मोठा व्यापारी मेळा भरतो. ‘मिलेझिम बिओ’ हे त्याचे नाव. लांगदॉक प्रांतातील मोजक्या सेंद्रिय द्राक्षबागायतदारांनी १९९३ साली तो सुरू केला. या मेळ्याची एक जुनी रीत मला फार आवडते. उत्पादक लहान असो की मोठा, सर्वांना सारखेच टेबल मिळते, आणि प्रदेशवार दालने न करता सर्वांना मिसळून बसवले जाते. मेळ्याशी जोडलेली एक स्पर्धाही असते. तिथे बाटल्यांवर आवरणे चढवलेली असतात, बाटलीला नावाऐवजी क्रमांक असतो, आणि परीक्षक एका सकाळी तीस-चाळीस वाइन हुंगून, तोंडात घोळवून, पिकदाणीत थुंकून गुण देतात. रसास्वाद घ्यायचा पण गिळायचे नाही, हा प्रकार आपल्याला विचित्र वाटेल. परंतु एखाद्या पुरस्कारासाठी महिनाभरात साठ कादंबऱ्या वाचणाऱ्या परीक्षकाचे वाचन याहून फार वेगळे असते, असे मानायला मी तयार नाही.

या स्पर्धेविषयी लिहावेसे वाटले ते एका पेचामुळे. सेंद्रिय वाइन ‘सेंद्रिय’ ठरते ती पेल्यात नव्हे, तर शेतात आणि तळघरात. रासायनिक तणनाशके आणि कृत्रिम कीटकनाशके नकोत, बाग सेंद्रिय म्हणून मान्य होण्याआधी तीन वर्षांचा संक्रमणकाळ हवा, दरवर्षी तपासणी हवी, असे तिचे नियम. युरोपीय संघात २०१२च्या हंगामापूर्वी बाटलीवर ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहितादेखील येत नसे. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढीच मुभा होती. त्या वर्षीपासून तळघरातील प्रक्रियेलाही नियम लागू झाले. कोरड्या तांबड्या वाइनमध्ये एरवी लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते, सेंद्रिय वाइनला ही मर्यादा १००ची आहे. मात्र सेंद्रिय म्हणजे ‘काहीही न फवारलेले’ हा समज चुकीचा आहे. केवड्यावर बोर्डो मिश्रण आणि भुरीवर गंधक ही औषधे तिथेही चालतात. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराच्या रोजच्या बोलण्यातले. ते एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बोर्दो परिसरातून जगभर गेले, हे त्याच्या नावातच आहे. तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून २०१९पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो अशी त्यावर मर्यादा आहे. उन्हाळा कोरडा आणि वारे जोरदार असल्यामुळे दक्षिणेत बुरशीजन्य रोग तुलनेने कमी पडतात, आणि सेंद्रिय शेती तिथे अधिक रुजली त्याचे हेही एक कारण आहे.

आता यातले परीक्षकाच्या जिभेला काय कळते? जवळजवळ काहीच नाही. तणनाशकाऐवजी वखर चालवला की नाही, हे पेला सांगत नाही. म्हणजे स्पर्धेच्या दारात एक नैतिक अट आहे, प्रमाणपत्र दाखवा आणि आत या. आणि दार ओलांडल्यावर त्या नीतीचा उच्चारही करायचा नाही, फक्त चवीविषयी बोलायचे. आपल्या वर्गांतून फडके-खांडेकर वाद शिकवताना ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा प्रश्न आपण एकतर दोन टोकांना नेऊन ठेवतो किंवा ‘दोन्हींचा समन्वय हवा’ म्हणून मिटवून टाकतो. इथे समन्वय नाही. दाराशी जीवनवाद आहे आणि टेबलाशी निखळ कलावाद, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

माझे मत असे की ही विभागणी मुळात योग्य आहे. सेंद्रिय शेतीची कणव येऊन गुण वाढवले, तर ते वाइनचे परीक्षण राहत नाही, सद्हेतूंचे प्रशस्तिपत्रक होते. सद्हेतूंची प्रशस्तिपत्रके मराठी समीक्षेत आपण पुष्कळ वाटली आहेत. तरी या विभागणीत टेबलाकडचा निकष निरागस ठरतो असे मात्र नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

बाटली झाकण्याचा फायदा आधी मान्य केला पाहिजे, कारण लांगदॉकइतका तो क्वचितच कुणाला झाला असेल. या प्रांताची ओळख पिढ्यान्‌पिढ्या स्वस्त, मुबलक, रोजच्या जेवणातली वाइन पुरवणारा मुलूख अशी होती. १९०७ साली अतिउत्पादन आणि साखर घालून केलेली भेसळ यांमुळे भाव कोसळले आणि द्राक्ष उत्पादक रस्त्यावर आले. ९ जूनला माँपेलिएत काही लाख लोक जमले, पुढे नारबॉनमध्ये गोळीबारात माणसे मेली, आणि सतराव्या पायदळ पलटणीच्या सैनिकांनी बंड केले. एवढा इतिहास पाठीशी असूनही, किंवा त्यामुळेच, ‘दक्षिणेची वाइन’ म्हटले की जाणकारांच्या नाकाला आठी पडे. नाव दिसताच निकाल लागलेला असे. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी घडवलेल्या प्रसिद्ध झाकल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइनना बोर्दो आणि बर्गंडीच्या वर स्थान दिले, तेव्हा नाव झाकल्याने काय होते हे जगाला दिसले. एरो जिल्ह्यातील ‘मा द दोमा गासाक’ची पहिली वाइन १९७८ची. तिला १९८२मध्ये ‘गो-मियो’ने ‘लांगदॉकची लाफित’ म्हटले. हा गौरव होता खरा; पण दक्षिणेची थोरवी सांगायला बोर्दोतल्याच एका बड्या नावाचा आधार लागला. आपल्याकडेही एखाद्या कवीला ‘मराठीचा अमुक’ म्हणून इंग्रजी नाव चिकटवण्याची हौस होती, आणि ते नाव कवीला किती खाते याचा हिशेब फारसा कुणी केला नाही.

झाकलेल्या बाटलीवर विश्वास ठेवताना परीक्षकाची जीभ तरी विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न येतोच. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो डेव्हिड ह्यूमच्या १७५७मधल्या अभिरुचीवरील निबंधातून परिचित असतो. ‘दोन किहोते’मधल्या सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट ह्यूम तिथे वापरतो. पिंपातली वाइन चाखून एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. दोघांचीही थट्टा होते. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. ह्यूमला यातून सूक्ष्म अभिरुचीचे प्रमाण मिळते. पण आधुनिक काळात किल्ल्या शोधायला गेलेल्यांच्या हाती भलतेच लागले. बोर्दोत केलेल्या आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये चवहीन तांबडा रंग मिसळून ती मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका जुन्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. तिन्ही वेळा साधारण सारखे गुण देऊ शकलेले परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपास होते. हे निष्कर्ष २००८चे.

हे वाचून सारे परीक्षणच ढोंग आहे अशा निर्णयाला पोचणे सोपे आहे, आणि आपल्यातले काहीजण पुरस्कारांच्या बाबतीत तसे पोचलेलेही आहेत. मला तसे वाटत नाही. भरताने नाट्यरसाची उपपत्ती सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा दृष्टान्त घेतला, आणि तो अन्न चाखणाराही ‘सुमनस्’ असावा अशी अट घातली. अभिनवगुप्ताचा सहृदय तर काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा वाचक. म्हणजे आस्वादक कसा तयार होतो हा प्रश्न आपल्या परंपरेत आस्वादाच्या आधी येतो. दक्षिणेच्या वाइनविषयी बोलताना परीक्षक ‘गारीग’ हा शब्द वापरतात. गारीग म्हणजे तिथल्या चुनखडीच्या डोंगरउतारांवरचे खुरटे रान. थाइम, रोझमेरी, जुनिपर आणि काटेरी ओक यांचे. उन्हात तापलेल्या त्या रानाचा वास ज्याने कधी घेतला नाही, त्याला पेल्यातला तोच वास ‘औषधी’ वाटू शकतो. दोघेही बाटली न पाहताच गुण देत आहेत, पण पेल्याकडे येताना दोघांच्या स्मृती वेगळ्या आहेत. झाकण बाटलीवर घालता येते, परीक्षकाच्या स्मृतीवर नाही.

आता गुणपत्रिकेकडे येऊ. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या शंभर गुणांच्या पत्रिकेत दृष्टीला १५, गंधाला ३०, चवीला ४४ आणि एकूण परिणामाला ११ गुण आहेत. गंध आणि चव या दोन्हींत एक रकाना ‘शुद्धते’चा आहे, सहा-सहा गुणांचा. वाइन निर्दोष आहे का, हे तिथे पाहायचे. संख्येने हा रकाना लहान, पण दोष ठरवणारा तोच. कमी सल्फाइट वापरलेल्या वाइनमध्ये काही वेळा तबेल्याचा, चामड्याचा वास येतो. ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचे ते काम. कुठे आंबटपणाला धार येते, कुठे बाटली उघडताच विझलेल्या काडीचा वास येऊन हवा लागल्यावर जातो. हे सगळे दोषच का? किती प्रमाणात दोष, आणि किती प्रमाणात त्या वाइनची बोली? तळघरात नीट राखलेली, गाळलेली, भरपूर सल्फाइटने स्थिर केलेली वाइन ज्या काळात प्रमाण मानली गेली, त्या काळाने हा रकाना घडवला आहे. त्यात सेंद्रिय वाइन बसवायची म्हणजे तिने दाराशी जे सोडून दिले त्याचाच हिशेब टेबलावर पुन्हा मागायचा.

इथे मला साठ-सत्तरच्या दशकांतले मराठी समीक्षेचे चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. बाबुराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ला १९६३मध्ये सामोरे जाताना अनेक जाणत्या वाचकांना भाषेचा रांगडेपणा आणि आक्रोश हे दोषच वाटले. शरणकुमार लिंबाळ्यांना १९९६मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावे लागले, ते निकष बाहेरून आणलेले आहेत हे सांगण्यासाठी. मद्य आणि वेदना यांना एका पंगतीत बसवणे औचित्याचे नाही, हे मला कळते. तुलना साहित्याची नाही, केवळ निकषाच्या वर्तनाची आहे. आणि तिला मर्यादाही आहे. बागूलांच्या कथेतला खडबडीतपणा हे तिचे सांगणे होते. व्हिनेगरकडे झुकलेली वाइन मात्र काही सांगत नसते, ती बिघडलेली असते. सेंद्रियतेच्या नावाखाली गलथानपणा खपवणारे उत्पादक आहेत, जसे अनुभवाच्या अस्सलपणाखाली कच्चे लेखन खपवणारे आपल्याकडे आहेत. त्यांना कमी गुण मिळावेत याविषयी माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट दाराशी असलेल्या नीतीविषयी. रोलां बार्थने ‘मितॉलॉजी’मध्ये (१९५७) वाइन हे फ्रेंचांचे राष्ट्रीय दैवतच कसे झाले ते सांगितले, आणि लेखाच्या शेवटी अल्जीरियाकडे वळून विचारले की ज्या भूमीवरच्या मुसलमान शेतकऱ्याला भाकरी मिळत नाही, तिथे वसाहतवाल्यांनी लावलेल्या वेलींची वाइन निष्पाप कशी मानायची. ती अल्जीरियन वाइन दीर्घकाळ फ्रान्समध्ये येऊन मिश्रणात वापरली जाई, दक्षिणेच्या फिक्या वाइनला रंग आणि जोर देण्यासाठीही. आज प्रमाणपत्रात माती, खत, फवारणी आणि तळघर यांची कसून तपासणी होते. तोडणीच्या हंगामात कोण मजूर आले, कुठे राहिले, किती मजुरीवर, हे सेंद्रिय नियमांत मोजले जात नाही. तेव्हा दारावरचा जीवनवादही निवडक आहे. वेलीचे जीवन त्यात येते, तोडणाऱ्याचे येत नाही.

यावर परीक्षकाने काय करावे? बाटली उघडी करून मजुरांची चौकशी करावी, असे मी म्हणणार नाही. तो त्याचा अधिकार नव्हे. फ्रेंच नियमांनुसार प्रत्येक परीक्षक-गटात किमान तीन माणसे आणि त्यांतली दोन-तृतीयांश जाणकार असावी लागतात, आणि पदके एकूण वाइनच्या एक-तृतीयांशाहून अधिक वाइनना देता येत नाहीत. म्हणजे गटात एक बिगर-जाणकार बसू शकतो, ही मला फार मोलाची जागा वाटते. तबेल्याचा वास आला की जाणकार सवयीने शुद्धतेचे गुण कापतो. शेजारचा म्हणतो, मला तर हा आवडला. तिथे दोघांनी थांबावे, पेल्याला दहा मिनिटे हवा लागू द्यावी, वास गेला का, वाढला का ते पाहावे, आणि मतभेद उरला तर तो लिहून ठेवावा. सरासरी काढून मिटवू नये.

हे सुचवताना मला स्वतःचाच एक अनुभव टोचतो. काही वर्षांपूर्वी एका काव्यपुरस्काराच्या परीक्षक-मंडळात मी होतो. आम्हा तिघांचे गुण मिळवून, भागून निकाल लागला, आणि ज्या संग्रहावर दोघे कडाडून भांडलो होतो तो संग्रह त्या सरासरीत तिसरा आला. पहिला आलेला संग्रह आमच्यापैकी कुणाच्याही विशेष लक्षात राहिलेला नव्हता. भांडणाचा एक शब्दही कुठे नोंदला गेला नाही. कवीला फक्त पत्र गेले, की आपला संग्रह विचारार्थ घेतला होता.