श्रोते पहिल्या क्रमांकावर, माणसे मात्र 'बेकायदा'

लॉस एंजेलिस शहरात ९७.९ एफएमवर केएलएएक्स नावाचे स्पॅनिश गाण्यांचे रेडिओ स्टेशन आहे. त्या काळी लोक त्याला 'ला एकिस' म्हणत. जानेवारी १९९३ मध्ये श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीचे आकडे जाहीर झाले आणि सगळ्या इंग्रजी स्टेशनांना मागे टाकून हे स्टेशन शहरात पहिले आले. रेडिओ धंद्यातल्या भल्याभल्यांचा त्यावर विश्वास बसेना. ज्यांच्या हातची भाजी खाल्ली, ज्यांनी घासलेल्या ताटात जेवलो, ती माणसे या शहरात किती आहेत हे त्यांना माहीतच नव्हते. की माहीत असून मोजायचे नव्हते?

ला एकिसने केले तरी काय? या फ्रिक्वेन्सीवर आधी गुळगुळीत प्रेमगीते लागायची. ऑगस्ट १९९२ मध्ये ती बंद करून रांचेरा आणि बांदा सुरू झाले. रांचेरा म्हणजे मेक्सिकोच्या खेड्यापाड्यातले गाणे. बांदा म्हणजे सिनालोआ प्रांतातला पितळी वाद्यांचा ताफा. त्याचा ट्युबा काढून इलेक्ट्रिक बास आणि सिंथेसायझर घातलेला नवा अवतार तेव्हा जोरात होता. शिकलेल्या, स्थिरावलेल्या मेक्सिकनांना हे संगीत गावंढळ वाटे. शेतमजुरांचे, मोलकरणींचे, बांधकामावरच्या बिगाऱ्यांचे गाणे! आम्हाला इथे खरी गोष्ट दिसते ती ही, की त्या गाण्याची लाज बाळगणारे घरातच होते. स्टेशनने ती लाज बाजूला ठेवली आणि वर्षभरात अमेरिकेतच जन्मलेली, शाळेत इंग्रजी बोलणारी पोरे डोक्यावर तेहाना टोपी आणि पायात बूट घालून केब्रादिता नाचू लागली. बापाच्या गावाचे नाव अभिमानाने सांगू लागली. कितीही भाषणे दिली असती तरी हे एवढ्या लवकर झाले नसते.

पण मित्रांनो, इथेच टाळ्या वाजवून थांबणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

नोव्हेंबर १९९४ मध्ये, म्हणजे पहिल्या क्रमांकानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन १८७' वर मतदान झाले. कागदपत्रे नसलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा नको, आजाऱ्याला तातडीची गरज सोडून सरकारी उपचार नकोत, असा तो प्रस्ताव. त्याआधी ऑक्टोबरात सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले होते. तरीही जवळपास ५९ टक्के मतांनी तो मंजूर झाला. पुढे फेडरल कोर्टाने तो रोखला, हे वेगळे. बाजाराने ज्यांचे कान मोजले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मतच नव्हते. जाहिरातदाराला गिऱ्हाईक हवे असते. गिऱ्हाईक नागरिक आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. आज व्ह्यूज आणि फॉलोअर्सचे आकडे दाखवून 'आपली ताकद वाढली' म्हणणाऱ्यांनी हे ५९ टक्के डोळ्यांसमोर ठेवावेत.

त्यात स्टेशनची मालकीही मजुरांची नव्हती. क्युबाहून आलेल्या आलार्कोन कुटुंबाच्या स्पॅनिश ब्रॉडकास्टिंग सिस्टिमची ती होती, आणि धंद्याला जे परवडले ते लागले.

याच शहरात ला एकिसच्या साठेक वर्षे आधी पेद्रो गोन्साल्हेस नावाचा गायक होऊन गेला. कधीकाळी पांचो व्हियाच्या सैन्यात तारयंत्र चालवणारा हा माणूस बरबँकच्या केईएलडब्ल्यू स्टेशनवर पहाटे चार ते सहा गाणी लावायचा, स्वतः गायचा. ही वेळ इंग्रजी श्रोत्यांच्या झोपेची, म्हणून स्वस्त. आणि मजुरांच्या कामावर निघण्याची. मंदीच्या काळात मेक्सिकनांना गाड्या भरभरून हद्दपार केले जात होते, तेव्हा तो त्याविरुद्ध माइकवरून बोलला. १९३४ मध्ये त्याला बलात्काराच्या आरोपात अडकवले. मुलीने नंतर जबाब फिरवला, तरी सान क्वेंटिनचा तुरुंग सुटला नाही. १९४० मध्ये सुटका झाली आणि लगेच हद्दपारी. त्याच्यामागे गर्दी होती, पण त्याला वाचवू शकेल एवढी संघटित ताकद नव्हती.

२००६ मध्ये ती दिसली. कागदपत्रे नसणे हाच गुन्हा ठरवणारे एचआर ४४३७ हे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले होते. कामगार आणि स्थलांतरितांच्या संघटनांनी मोर्चा ठरवला आणि रेडिओवाल्यांना गाठले. एकमेकांचे श्रोते पळवणारे निवेदक एकत्र आले: केएससीएचा एल पिओलिन, केबीयूईचा एल मांद्रिल आणि तेव्हा केएलएएक्सवर असलेला, मूळचा होंडुरासचा, एल कुकुय. पांढरे कपडे घाला, शांत राहा, असे ते रोज सकाळी गाण्यांच्या मधून सांगत राहिले. २५ मार्चला पोलिसांच्याच अंदाजाने पाच लाख लोक आले. हाक रेडिओने दिली, पण मोर्चा आधी संघटनांनी ठरवला होता; श्रेय वाटताना हा क्रम उलटा सांगितला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत.

विधेयक सिनेटमध्ये अडले ते अडलेच. त्या पाच लाखांनी मागितलेला नागरिकत्वाचा कायदा मात्र अजून झालेला नाही.