घरचा हिशेब : व्याज विचारण्यापूर्वीं

ठेव ठेवावयास निघालेला गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो व्याजाचा. अमक्या ठिकाणीं सात टक्के, तमक्या ठिकाणीं नऊ. दोन टक्क्यांचा फरक पाहून पाय आपोआप वळतात. आम्हांस यांत लोभ दिसत नाहीं. ज्या घरांत निवृत्तिवेतन येत नाहीं, तेथें हे दोन टक्के म्हणजे वडीलधाऱ्यांचें महिन्याचें औषध असतें. तथापि व्याजाच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न आहे, आणि तो निदान आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील कुटुंबांस तरी आतां तोंडपाठ असावयास हवा : ही संस्था उद्यां अडचणींत आली तर आमचे पैसे कोण देणार, किती देणार आणि केव्हां देणार?

जिल्ह्याचा अलीकडचा इतिहासच हा प्रश्न विचारावयास लावतो. २०१२ सालीं बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस, नागपूर व वर्धा येथील जिल्हा बँकांबरोबरच, परवान्याअभावीं नव्या ठेवी घेण्यास रिझर्व्ह बँकेनें मनाई केली. देशांतील अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना केंद्र सरकारनें मंजूर केली ती २०१४ च्या अखेरीस. पुढें २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारास काढतां येणारी रक्कम अवघी दहा हजार रुपये ठरली. मग त्याची ठेव वीस हजारांची असो वा वीस लाखांची. जुलै २०२३ मध्यें त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें कीं, ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार ठेव-विम्यांतून आपली पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र आहेत.

हा आंकडा ऐकून दूरच्या माणसास हायसें वाटेल. आम्हांस मात्र उरलेल्यांची विचारपूस करावीशी वाटते. विम्याची मर्यादा पांच लाखांची. तेव्हां हे लोक त्याहून मोठ्या ठेवींचे धनी, हें उघड आहे. परंतु पांच लाखांवर ठेव असलेला तो श्रीमंतच, असें समजूं नये. नोकरी संपल्यावर हातीं आलेला निधि एकरकमी ठेवणारा शिक्षक, शेत विकून आलेला पैसा जपणारी विधवा, किंवा चार कमावत्या हातांची बचत एका वडिलांच्या नांवें ठेवणारें एकत्र कुटुंब, हीं सर्व त्याच रांगेंत येऊं शकतात. आमचे बहुतेक वाचक या शेवटच्या प्रकारांत मोडतात, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

बँकेंतील ठेवींचा विमा आपल्या देशांत १९६२ सालीं सुरू झाला, तेव्हां मर्यादा दीड हजार रुपयांची होती. १९९३ मध्यें ती एक लाख झाली, आणि तेथेंच सत्तावीस वर्षें अडून राहिली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पांच लाख आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें आणखी एक मोठी सोय केली : बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी, परवाना रद्द होईपर्यंत वाट पाहावी लागूं नये. या विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास कांहीं द्यावें लागत नाहीं. हा विमा सरकारी, खाजगी व सहकारी, सर्व प्रकारच्या बँकांस लागू आहे.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका घरांत आजोबांच्या नांवें एकाच बँकेंत सोळा लाख आहेत : दहा लाखांची मुदत ठेव मेहकरच्या शाखेंत, पांच लाखांची चिखलीच्या शाखेंत व लाखभर बचत खात्यांत. शाखा दोन असल्या तरी बँक एकच. विमा सर्व मिळून पांच लाखांचा. वारसनोंदींत मुलाचें नांव लिहिलें म्हणून तो वाढत नाहीं. तीच रक्कम निराळ्या रीतीनें मांडून पाहा. आजोबांच्या एकट्याच्या नांवें चार लाख, आजींच्या एकटीच्या नांवें चार, दोघांच्या संयुक्त नांवें चार, आणि मोठ्या मुलाच्या नांवें चार. यांतील प्रत्येक ठेव कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र हक्काची असल्यामुळें प्रत्येकीस पांच लाखांचें कवच निराळें मिळतें. चारच कां, पांच कां नाहींत? कारण मर्यादेंत मुद्दल व व्याज दोन्ही मोजलीं जातात. सात टक्के दरानें, तिमाही चक्रवाढीनें, चार लाखांचे तीन वर्षांत सुमारे ४ लाख ९२ हजार होतात. पुरते पांच लाख ठेवणाराचें व्याज पहिल्या दिवसापासूनच उघड्यावर पडतें.

नांवांची ही वांटणी ज्यांस नको असेल त्यांनीं दोन-तीन वेगळ्या बँका निवडाव्या, फळ तेंच. वांटणी करणारांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पत्नीस किंवा सुनेस दिलेल्या रकमेचें व्याज प्राप्तिकरासाठीं देणाराच्याच उत्पन्नांत धरलें जातें; कर वांचेल या आशेनें हें करूं नये. दुसरी गोष्ट अशी कीं, सुनेच्या नांवें ठेव केली म्हणजे ती ठेव तिची झाली. नांव तिचें आणि पावती सासऱ्यांच्या कपाटांत, हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तिला न सांगतां तिची सही घेण्यापेक्षां ठेव दुसऱ्या बँकेंत न्यावी हें बरें.

येथवर आम्ही बँकांविषयीं बोललों. आपल्या जिल्ह्यांत मात्र पतसंस्थांचा पसारा मोठा आहे. १९८६ सालीं स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन या पतसंस्थेचें नांव देशभर झालें, आणि त्याचा जिल्ह्यास अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. तरीही पतसंस्था ही बँक नव्हे, आणि वर सांगितलेला ठेव-विमा कोणत्याही पतसंस्थेस, ती लहान असो वा मोठी, लागू नाहीं. म्हणून तेथें ठेव ठेवूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. शेतमालावर कर्ज देणारी, ओळखीच्या माणसाची अडचण समजणारी संस्था गांवास हवीच असते. परंतु तेथें ठेवीदारानें स्वतः डोळे उघडे ठेवले पाहिजेत. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता मिळाला, थकीत कर्जें किती, संचालकांच्या नातलगांस कर्जें दिलीं आहेत काय, हें वार्षिक अहवालांत पाहावें आणि वार्षिक सभेस जाऊन विचारावें. बहुतेक सभासद त्या सभेस चहापुरते जातात! जो पैसा कांहीं वर्षें अडकला तरी घरांतील लग्न, शिक्षण वा शस्त्रक्रिया अडणार नाहीं, तेवढाच तेथें असावा.

ज्यांस झोप शांत हवी, त्यांस पोस्ट आहे. तेथील योजनांमागें खुद्द भारत सरकार उभें असतें. साठ वर्षांवरील व्यक्तीस ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत तीस लाखांपर्यंत रक्कम पांच वर्षांसाठीं ठेवतां येते व व्याज दर तिमाहीस हातीं पडतें. निवृत्त माणसाच्या पैशाचा पहिला वांटा तेथें जावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेअर बाजाराविषयीं विचारणारे तरुण वाचक हल्लीं वाढले आहेत. त्यांस आम्ही वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट सांगूं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस विलायतेस पोहोंचेना. आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईंत शेअरांच्या सट्ट्यांत शिरला. बॅकबे कंपनीच्या पांच हजार भरलेल्या शेअरचा भाव दसपटीवर गेला. युद्ध थांबलें, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांचे हिशेब पुरे करण्याची वेळ आली तेव्हां मोठमोठ्या पेढ्या बसल्या. खामगांवास रेल्वे १८७० सालीं आली, ती या सर्व धामधुमीनंतर. कापूस त्यानंतरही पिकत व विकत राहिला. बुडाले ते कर्ज काढून किंवा लवकरच लागणारा पैसा घालून बसलेले.

आजही भेद तोच आहे. २००८ च्या जानेवारींत सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्यें तो ८ हजारांच्या घरांत आला, आणि जुना आंकडा पुन्हां दिसावयास २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. २३ मार्च २०२० रोजीं एका दिवसांत तो सुमारे तेरा टक्के पडला. मात्र त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जुन्या उच्चांकापुढें गेला. कोणती घसरण आठ महिन्यांत भरून निघेल व कोणतीस तीन वर्षें लागतील, हें आधीं सांगणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं, आणि भ्रमणध्वनीवर खात्रीच्या टिपा पाठवणारा तर तो खासच नव्हे. पांच-सात वर्षें ज्यास हात लावावा लागणार नाहीं असा पैसा, दरमहा ठराविक रकमेनें, साध्या निर्देशांक फंडांत घालावा. मुलीचें महाविद्यालय पुढील वर्षीं असेल तर तिची फी बाजारांत नसावी.

शेवटीं एक घरगुती काम. एक वही घ्यावी, आणि प्रत्येक ठेवीची नोंद करावी : संस्था, शाखा, कोणाच्या नांवें, रक्कम, मुदत, वारस. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीस चार वारसांपर्यंत नांवें देतां येतात. जुन्या ठेवींवर कोणाचें नांव आहे, किंवा मुळींच नाहीं, हें तपासावें. दिवंगत वडिलांची एखादी ठेव विस्मृतींत गेली असल्याचा संशय असेल, तर रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें सुरू केलेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील बेवारस ठेवींचा शोध एकत्र घेतां येतो. दहा वर्षें न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते, तरी हक्कदारानें मागणी केल्यास ती परत मिळते. ही वही घरांतील निदान दोन माणसांस ठाऊक असावी, आणि त्यांपैकीं एक बाई असावी.