गाडीचा बुश आणि लूमचा जॉबर

आपल्या धंद्यात ताक्याच्या मीटरमागे पैशा-पैशाचा हिशेब होतो. पण तोच ताका वाहून नेणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मात्र गॅरेजवाला सांगेल तो, हे कितपत योग्य आहे याचा व्यापारी बंधूंनी विचार करावा. बाळकुम सोडून खाडीचा पूल ओलांडला की कशेळी, पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा. या रस्त्यावर सूत, बीम आणि ग्रे कापड घेऊन धावणाऱ्या गाड्यांचे सर्वांत आधी काय जाते? इंजिन नव्हे, बुश जातात. पावसाळ्यातले खड्डे आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेला माल, दोन्हींचा मार त्या रबराच्या तुकड्यावर पडतो.

लक्षणे कोणालाही ओळखता येतील. गतिरोधकावर खालून खडखड आवाज येतो, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात. टायर बदलून काही होत नाही, नवा टायरही तसाच झिजतो.

माझ्या व्हॅनच्या बाबतीत एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले की दोन्ही बाजूंचे खालचे आर्म पूर्णच बदलावे लागतील, गाडी तीन दिवस ठेवा. आर्मचे लोखंड शाबूत होते, बॉल जॉईंट घट्ट होता, फक्त रबर फाटले होते. बुश काढायला प्रेस मशीन लागते आणि ते त्यांच्याकडे नव्हते, म्हणून पूर्ण आर्मचा खर्च माझ्या माथी! मी आर्म सोडवून आमच्या शेडमधल्या जॉबरपुढे ठेवला. त्याने तो पाहिला आणि विचारले, "यात एवढे काय आहे?"

खरेच फार नाही. जाड, मजबूत आटेदार सळई (पत्र्याच्या पत्र्यांना लागते ती हलकी नको), दोन नट, जाड वायसर आणि पाइपाचे दोन तुकडे एवढे पुरते. एक तुकडा बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान, म्हणजे तो बुशला ढकलेल. दुसरा बुशपेक्षा मोठा, म्हणजे निघालेला बुश त्याच्यात शिरेल. सळई मधून घालायची, आट्यांना ग्रीस लावायचे आणि नट आवळत जायचे. बुश सरळ रेषेत, बिनआवाज बाहेर येतो. हातोड्याने ठोकून काढला तर आर्मचे भोक वाकडे होते आणि मग खरोखरच नवा आर्म घ्यावा लागतो. नळी गंजून अडकली असेल तर हॅकसॉच्या पात्याने आतून चीर द्यावी, पण आर्मच्या लोखंडाला दात लागता कामा नये. रबर जाळून काढण्याची काहींना सवय असते. तो धूर विषारी असतो, शिवाय आर्मचे लोखंड तापून कमजोर होऊ शकते. जुना बुश काढण्यापूर्वी तो कोणत्या बाजूला तोंड करून बसला होता याची खूण खडूने करावी. नवा बुश काही तास फ्रीजरमध्ये ठेवला तर धातू किंचित आकसतो आणि बसवणे सोपे जाते.

येथे आमच्या कारागिरांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. लूमच्या शाफ्टचा बुश धातूचा, शाफ्ट त्यात फिरतो, म्हणून त्याला तेल लागते. ती सवय हाताला पक्की झालेली असते. गाडीचा रबरी बुश निराळा आहे. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते; तेथे काही घसरत नाही, रबर फक्त पिळले जाते आणि परत येते. त्याला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावले की रबर फुगते व मऊ पडते. बसवताना साबणाचे पाणी पुरे.

याच कारणाने बोल्ट कधी आवळायचा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ठरतो, आणि गॅरेजमध्येही येथेच घाई होते. चाक हवेत लटकलेले असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या स्थितीत पक्के होते. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. वर मालाचे वजन आणि खड्डे. असा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो आणि आपण म्हणतो, कंपनीचा माल खराब. बोल्ट आधी नुसता हाताने लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी दाबून हलवावी आणि मगच शेवटचे आवळणे करावे. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात असतो. त्यासाठी टॉर्क पाना एका दिवसासाठी कोणाकडून मागून आणला तरी चालेल.

टाटा एस किंवा जुन्या ओम्नीसारख्या गाडीत मागे पाट्यांचे स्प्रिंग आहेत. पुष्कळ छोट्या गाड्यांत त्या पाट्यांच्या शॅकलचे रबर दोन अर्ध्या तुकड्यांत येते आणि हातानेच बसते. मात्र पाट्यांवरचा ताण उतरवण्यासाठी चॅसीला वेगळा आणि अॅक्सलला वेगळा आधार द्यावा लागतो.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुना आर्म मिळतो. लोखंड जुने घ्यायला हरकत नाही, पण रबर कधीही जुने घेऊ नये.

एका ठिकाणी मात्र मी किफायत मान्य करत नाही. निव्वळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये. विटा, दगड किंवा कोनच्या पेट्या हा आधार नव्हे. दोन चांगले स्टँड विकत घ्यावेत. आणि गोल कॉइल स्प्रिंग दाबून सोडवण्याचे काम घरी करूच नये. दाबलेले स्प्रिंग सुटले तर माणूस जीवानिशी जातो.

काही बंधू म्हणतील, व्यापाऱ्याने गादी सांभाळावी, पाना कशाला धरावा? पण गाडी तीन दिवस उभी राहिली तर प्रोसेस हाऊसची तारीख हुकते आणि भाड्याचा टेम्पो करावा लागतो तो वेगळाच. मंदीत शेड अर्धा दिवस बंद असते तेव्हा हुनर असलेले हात रिकामे बसलेले असतात. कशेळी-काल्हेरच्या गोदामांपुढे शेकडो गाड्या उभ्या राहतात. दोन जॉबरांनी मिळून या एका कामाचे छोटे दुकान टाकले तर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. प्रेस मशीनची भांडवली गुंतवणूक नंतर कमाईतून करता येईल. व्हील अलाइनमेंट तेवढे बाहेरून करून घ्यावे, कारण खालच्या आर्मचा बुश बदलला की ते करावेच लागते.