स्वस्तातला ‘प्रीमियम’ फोन: चकाकी दिसते, पण काटछाट कुठे होते?

पंधरा हजारांचा आणि पन्नास हजारांचा फोन टेबलावर पालथे ठेवले, तर त्यातला महाग कोणता हे आज चटकन ओळखता येत नाही. दोन्हींची पाठ चकचकीत, दोन्हींच्या कडा सपाट, दोन्हींवर कॅमेऱ्यांची मोठी वर्तुळं. जाहिरातीतला ‘प्रीमियम’ हा शब्दही दोन्हीकडे सारखाच.

फरक कळतो तो वर्ष-दीड वर्षाने. एक फोन तसाच चालत राहतो. दुसऱ्यावर पेमेंटचं अ‍ॅप उघडेपर्यंत मागे रांग लागते. अनेकदा तोवर त्याचे हप्तेही पुरते फिटलेले नसतात.

मग स्वस्तातला प्रीमियम फोन म्हणजे निव्वळ फसवणूक असते का? तसं नाही. या किमतीत खरोखर चांगले फोन मिळतात. पण कंपनीने पैसा कुठे लावला आणि कुठे वाचवला, हे पाठ पाहून कळत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती झपाट्याने वाढू लागल्यामुळे हा हिशेब समजून घेण्याची गरज आणखी वाढली आहे.

‘प्रीमियम’ दिसणं स्वस्त कधी झालं?

काच आणि धातू म्हणजे महाग फोन, प्लास्टिक म्हणजे स्वस्त, असं समीकरण बरीच वर्षं होतं. ते मोडलं त्याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

२०१९ मध्ये भारतात आलेल्या ‘रेडमी नोट ७’ ची किंमत ९,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. या फोनला पुढे आणि मागे दोन्हीकडे गोरिला ग्लास ५ होती. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ‘गॅलेक्सी नोट २०’ आणला. किंमत ७७,९९९ रुपये आणि पाठ मात्र प्लास्टिकची. म्हणजे दहा हजारांच्या फोनला काच आणि पाऊण लाखाच्या फोनला प्लास्टिक!

यातून एवढंच दिसतं की पाठ कशाची आहे यावरून फोनची पत ठरत नाही. प्लास्टिकलाही आता काचेसारखी झिलई देता येते. ‘व्हीगन लेदर’ हे नाव भारदस्त असलं, तरी ते कृत्रिम चामडंच असतं. त्यात वाईट काही नाही. असं प्लास्टिक किंवा चामडं हलकं असतं आणि पडल्यावर काचेसारखं तडकत नाही.

गंमत म्हणजे ही पाठ फार काळ दिसतही नाही. बहुतेक ग्राहक दुकानाच्या काउंटरवरच फोनला कव्हर चढवून घेतात.

मग कात्री कुठे लागते?

ठरावीक किमतीत फोन बसवायचा तर कुठेतरी काटकसर करावीच लागते. ती सहसा ग्राहकाला दुकानात जाणवणार नाही अशा जागी होते.

स्टोरेज: खोक्यावर ‘१२८ जीबी’ एवढंच ठळक छापलेलं असतं. ते कोणत्या प्रकारचं आहे, हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. ‘ईएमएमसी ५.१’ या जुन्या प्रकारात माहिती वाचण्याचा वेग सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी असतो. ‘यूएफएस २.२’ मध्ये तो १,००० एमबीच्या आसपास जातो. ईएमएमसी म्हणजे एकेरी रस्ता. एका वेळी माहिती वाचायची किंवा लिहायची. यूएफएसमध्ये दोन्ही कामं एकाच वेळी होतात. नवा असताना दोन्ही फोन बरे वाटतात. फोटो-व्हिडिओंनी स्टोरेज भरत आलं की फरक जाणवू लागतो.

रॅम: ‘८ जीबी’ असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत ‘४ + ४’. यातली खरी रॅम चारच जीबी. उरलेली चार म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा रॅमसारखा वापरणं. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं. त्यामुळे ही ‘व्हर्च्युअल रॅम’ खऱ्या रॅमची जागा घेऊ शकत नाही. वर ते स्टोरेजही ईएमएमसी असेल, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

कॅमेरा: मागे तीन वर्तुळं दिसली म्हणजे तीन उपयोगी कॅमेरे असतीलच असं नाही. या किमतीत मुख्य कॅमेरा बहुधा ५० मेगापिक्सेलचा असतो. सोबत २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा असतो, त्याचा रोजच्या फोटोंना फारसा उपयोग नसतो. काही फोनमध्ये एखादं वर्तुळ म्हणजे फ्लॅश किंवा नुसती सजावट असते.

स्क्रीन: ‘१२० हर्ट्झ’ हा आकडा जाहिरातीत पुढे असतो. पण ६.७ इंचांचा पडदा एचडी प्लस असेल, तर एका इंचात जेमतेम २६० पिक्सेल बसतात. फुल एचडी प्लसमध्ये ते ३९० च्या वर जातात. पडदा झरझर सरकतो, पण बारीक अक्षरं तितकी रेखीव दिसत नाहीत.

याशिवाय एकच स्पीकर, एनएफसी नसणं, खोक्यात चार्जर नसणं अशा लहानसहान गोष्टी असतात. प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते. चार्जर वेगळा घ्यावा लागला की मात्र फोनची खरी किंमत तेवढ्याने वाढते.

मेमरीच्या महागाईचा संबंध काय?

एआयसाठी जगभर मोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत. त्यांना प्रचंड प्रमाणात वेगवान मेमरी लागते आणि त्यात नफाही जास्त असतो. त्यामुळे मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी उत्पादनाचा कल तिकडे वळवला. अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशिअल’ हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. फोन आणि लॅपटॉपसाठीची मेमरी त्यामुळे महागली.

याचा जास्त फटका स्वस्त फोनला बसतो. लाखभर रुपयांच्या फोनमध्ये मेमरीचा वाढीव खर्च सामावून घ्यायला जागा असते. पंधरा हजारांच्या फोनमध्ये कंपनीचा नफा मुळातच थोडा असतो. अशा वेळी तीनच वाटा उरतात: किंमत वाढवणं, रॅम आणि स्टोरेज कमी करणं, किंवा दुसऱ्या एखाद्या भागात काटकसर करणं.

फोनचं रूप मात्र सहसा शाबूत राहतं, कारण दुकानात आणि रीलमध्ये तेच विकलं जातं. म्हणून पुढचे काही महिने ‘फोन तसाच, किंमत तशीच’ असं दिसलं, तर आत काय बदललं आहे हे आधी पाहायला हवं.

दोन फोन, दोन वेगळे निर्णय

कंपन्या पैसा कसा वाटतात, हे २०२४ मध्ये भारतात आलेल्या दोन फोनवरून नीट समजतं.

जुलै २०२४ मध्ये आलेल्या ‘सीएमएफ फोन १’ ची किंमत १५,९९९ रुपयांपासून सुरू झाली. स्क्रू काढून पाठीचं कव्हर बदलता येणं, हे त्याचं आकर्षण. फ्रेम प्लास्टिकची, पण रूप वेगळं आणि नीटस. आतही दम होता: डायमेन्सिटी ७३०० प्रोसेसर, १२० हर्ट्झचा अ‍ॅमोलेड पडदा, यूएफएस २.२ स्टोरेज. काटछाट झाली ती इतरत्र. एनएफसी नाही, अल्ट्रावाइड कॅमेरा नाही, खोक्यात चार्जर नाही. आणि अपडेटचं आश्वासन होतं अँड्रॉइडच्या २ वर्षांचं आणि सिक्युरिटीच्या ३ वर्षांचं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘गॅलेक्सी ए१६ ५जी’ १८,९९९ रुपयांपासून होता. दिसायला साधा, पाठ प्लास्टिकची, पडदा अ‍ॅमोलेड पण ९० हर्ट्झचा आणि प्रोसेसर सीएमएफच्या तुलनेत मंद. चार्जर इथेही नाही. पण कंपनीने अँड्रॉइडच्या ६ नव्या आवृत्त्या आणि ६ वर्षं सिक्युरिटी अपडेट देण्याचं आश्वासन दिलं.

यातला ‘चांगला’ कोणता? गेम खेळणारा आणि दोन-तीन वर्षांनी फोन बदलणारा तरुण पहिल्यावर खूश राहील. आईवडिलांसाठी एकदाच घेऊन पाच-सहा वर्षं पाहायला नको असेल, तर दुसऱ्याचं पारडं जड ठरतं. अर्थात त्यातही एक मेख आहे. अपडेट सहा वर्षं मिळाले, तरी मंद प्रोसेसर ते सगळे पेलेल का, हा प्रश्न उरतोच. नुसता वेग जसा पुरेसा नाही, तसं नुसतं आश्वासनही पुरेसं नाही.

ग्राहकांच्या अपेक्षा वाढल्या की कंपन्याही हलतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ‘सीएमएफ फोन २ प्रो’ ला कंपनीने ३ वर्षं अँड्रॉइड आणि ६ वर्षं सिक्युरिटी अपडेट देऊ केले.

अपडेटला एवढं महत्त्व का?

याचं जुनं उदाहरण ‘वनप्लस एक्स’ चं आहे. २०१५ च्या अखेरीस हा फोन भारतात १६,९९९ रुपयांना आला. काळी काच, धातूची फ्रेम, हातात मावणारा पाच इंचांचा अ‍ॅमोलेड पडदा. सिरॅमिकची मर्यादित आवृत्ती २२,९९९ रुपयांना होती. त्या किमतीत इतका देखणा फोन दुर्मीळच. मात्र आत स्नॅपड्रॅगन ८०१ हा आदल्या वर्षीचा प्रोसेसर होता आणि फिंगरप्रिंट सेन्सर नव्हता. अँड्रॉइड ५.१ वर आलेला हा फोन पुढे ६.०.१ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अँड्रॉइड ७ त्याला अधिकृतपणे मिळालंच नाही. काच शाबूत, फोन चालू, पण सॉफ्टवेअरने साथ सोडली.

आज हा धोका जास्त आहे, कारण बँक खिशातल्या फोनमध्ये आली आहे. सिक्युरिटी अपडेट बंद झाले की फोनमधल्या नव्याने सापडणाऱ्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. अँड्रॉइड फारच जुनं झालं की अ‍ॅपही एकेक करून बंद पडतात. व्हॉट्सअ‍ॅपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ वर चालणं थांबवलं.

हिशेबही साधा आहे. १५,००० रुपयांचा फोन ३ वर्षं चालला, तर वर्षाला ५,००० रुपये पडतात. १८,००० रुपयांचा ६ वर्षं चालला, तर ३,००० रुपये. शिवाय प्रत्येक नव्या फोनमागे १८ टक्के जीएसटी आहेच. १५,००० रुपयांच्या किमतीत सुमारे २,२९० रुपये कराचेच असतात. लवकर फोन बदलणारा हा कर पुन्हा पुन्हा भरतो.

नियम काय सांगतात?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी नवे नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आणि ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळावेत, अशी तरतूद त्यात आहे. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. फोन पडल्यावर किती टिकतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, याची श्रेणीही लेबलवर छापावी लागते. म्हणजे तिथल्या ग्राहकाला काचेच्या पलीकडचं दुकानातच वाचता येतं.

भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा, यावर नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाला अहवाल दिला. हा निर्देशांक खरेदीच्या वेळीच ग्राहकाला दिसावा, अशी त्यामागची कल्पना आहे. असं लेबल प्रत्येक खोक्यावर आलं, तर सर्वात जास्त फायदा स्वस्त फोन घेणाऱ्यांचा होईल. कारण नादुरुस्त फोन सोडून नवा घेणं त्यांनाच सर्वात जड जातं.

फोन घेताना काय विचारावं?

- स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस? कंपनीच्या वेबसाइटवर फोनची तपशीलवार माहिती असते, तिथे पाहा. तिथेही प्रकार दिलेला नसेल, तर सावध राहा.
- खरी रॅम किती? ‘अधिक’ चिन्हाच्या आधीचा आकडा तोच खरा.
- अँड्रॉइड आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं? दोन्ही आकडे वेगळे विचारा. ही मुदत साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नाही. त्यामुळे सेलमध्ये स्वस्त झालेल्या जुन्या मॉडेलची काही वर्षं आधीच संपलेली असू शकतात.
- पडदा फुटला तर किती खर्च? अनेक कंपन्या सुट्या भागांच्या किमती वेबसाइटवर देतात. वळणदार कडांचा पडदा देखणा दिसतो, पण बदलायला महाग पडतो आणि त्यावर टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही.
- सर्व्हिस सेंटर कुठे आहे? तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ते जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर प्रत्येक दुरुस्तीला एक दिवस आणि बसभाडं धरून चाला.
- ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमकं काय? आयपी५४ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव, बादलीत पडल्यावर नव्हे. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही.
- खोक्यात चार्जर आहे का? नसेल तर त्याची किंमत फोनच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

एवढं विचारून झाल्यावर दोन फोन बरोबरीत उरले, तर जो डोळ्यांना आवडेल तो बिनधास्त घ्यावा. हातात रोज वावरणारी वस्तू देखणी असावी, यात गैर काहीच नाही. फक्त रूपाची पाळी शेवटी यावी.