माझ्या दाराशी कोण येऊ शकेल?

दिवाळीनंतर आई, मावसबहीण आणि मी अशा तिघी पवईला एक घर बघायला गेलो. सातवा मजला, एक बेडरूम आणि हॉलच्या खिडकीतून थेट तलाव. आई खिडकीशी गेली ती हलेचना. दलाल मात्र सारखा दाराकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "साहेब कधी येतायत?" मी म्हटलं, "घर मी घेतेय." "ते बरोबर मॅडम, पण फायनल कोण करणार?"

मी छत्तीस वर्षांची, एकटी राहणारी. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून कुटुंबातल्या हिंसाचाराला तोंड देणाऱ्या बायकांबरोबर काम करतेय. आमच्या केंद्रात येणारी बाई मारहाणीबद्दल सांगून झालं की विचारते, "पण ताई, मी जाऊ कुठं?" सासरी नवरा, माहेरी भावजय नाराज, आणि मधे नुसता रस्ता. २००५ च्या कायद्यानं तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ असा लावला, की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क सांगता येणार नाही. तो अर्थ चुकीचा होता हे त्याच न्यायालयानं म्हणायला २०२० उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत किती जणी बाहेर पडल्या असतील! आणि एवढं करून हा हक्क राहण्याचा, मालकीचा नव्हेच.

हे मी शिबिरांतून तासन् तास सांगते. तरी स्वतःसाठी घर बघताना मात्र मला काहीतरी चोरून केल्यासारखं वाटत होतं. कार्यकर्तीनं कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा, तोही पवईत? बैठकीनंतर चहा पिताना एक मैत्रीण म्हणालीही, "आता तू तलाववाली होणार!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मैत्रिणींनो, आयुष्य चळवळीत घालवलेल्या आपल्या किती ज्येष्ठ कार्यकर्त्या आज भावाच्या घरातल्या एका खोलीत राहतात? त्यांच्याबद्दल आपण हळहळतो, पण बैठकीत हा विषय कधी घेत नाही. बाईनं स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या नावावर छप्पर घेणं ही चैन नाही, आणि त्याची शरम वाटून घेण्याचं कारण नाही, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे.

अर्थात नुसत्या नावानं भागत नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रियांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पाऊल चांगलंच आहे. पण आमच्याकडे अशाही बायका येतात, ज्यांच्या नावावर घर आहे आणि कागद नवऱ्याच्या कपाटात. कर्जाचा हप्ता किती, हे त्यांना ठाऊक नाही. "यांनी सही कर म्हटलं, केली." सवलतीपुरतं नाव बाईचं, किल्ली मात्र दुसऱ्याची.

माझ्या बाबतीत किल्ली माझीच राहणार होती. अडलं ते दुसरीकडेच.

पवईचा तलाव १८९१ मध्ये मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला. ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, आणि आज तलावाचा उपयोग घरांच्या किमती वाढवायला होतो. या भागातल्या मोठ्या जमिनीबद्दल १९८६ मध्ये सरकारचा त्रिपक्षीय करार झाला होता. तिथं चाळीस आणि ऐंशी चौरस मीटरची, सामान्य माणसाला परवडतील अशी घरं बांधायची होती. म्हणजे माझ्यासारख्या पगारदार बाईसाठीच की! पुढे लहान घरं एकत्र करून मोठी विकल्याच्या तक्रारी झाल्या, जनहित याचिका झाल्या, आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी ठरलेली लहान घरं बांधा.

तिथूनच जवळ जयभीमनगर होतं. जून २०२४ मध्ये, पावसाच्या तोंडावर, महापालिकेनं तिथल्या झोपड्या पाडल्या. पावसाळ्यात राहती घरं पाडू नयेत असा शासननिर्णय असतानाही पाडल्या. आमच्या ओळखीची एक मावशी त्यानंतर मुलींना घेऊन फुटपाथवर प्लॅस्टिकखाली राहत होती आणि सकाळी सातला टॉवरमधल्या तीन घरची कामं करायला जात होती. रात्री मुलींना लघवीला कुठं न्यायचं, हा तिचा सगळ्यांत मोठा प्रश्न होता.

मी बघितलेल्या इमारतीत कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट आहे. म्हणजे ही मावशी माझ्याकडे चहाला आली तरी तिला त्याच लिफ्टनं यावं लागणार. मी सेक्रेटरींना सरळ विचारलं, "रात्री अकरानंतर एखादी बाई मुलांना घेऊन माझ्याकडे आली, तर वॉचमन वर सोडेल?" ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, ही फॅमिली सोसायटी आहे. असल्या भानगडी नकोत."

एका मैत्रिणीचं म्हणणं असं, की म्हणूनच तिथं जायला हवं. सभासद झालीस की मत मिळेल, समितीवर स्त्रियांसाठी राखीव जागा असतात, लिफ्टवरची पाटी काढायला लाव. तिचं चूक नाही. पण दिवसभर केंद्रावर भांडून आल्यावर रात्री जिन्यातही भांडायचं बळ माझ्यात नाही, आणि हप्ता माझ्या निम्म्या पगाराहून जास्त होता, हेही लपवत नाही.

मी घर घेणार आहेच. विक्रोळीच्या बाजूला, जुन्या इमारतीत, बसथांब्यापासून पाच मिनिटांवर एक बघितलंय. खिडकीतून शेजारच्या इमारतीची दोरीवरची धुणी दिसतात. आई अजून रुसलेली आहे. पण तिथल्या वॉचमनला तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो म्हणाला, "तुमचं नाव सांगितलं की सोडीन की."

घर घेताना आपण पाणी, पार्किंग, हवा सगळं विचारतो. रात्री माझ्या दाराशी कोण येऊ शकेल, हेही विचारायला हवं असं मला वाटतं. तुम्ही घर घेतलंत, किंवा घेता आलं नाही, तेव्हा काय काय आडवं आलं? कुणाचं नाव लागलं? जरूर लिहून कळवा.