भिंत धुता येते, फुप्फुस नाही

रोमच्या कोलोसियममधला वरच्या मजल्याकडे नेणारा, अनेक वर्षे बंद असलेला एक बोळ दुरुस्तीत साफ करण्यात आला. २०१३च्या जानेवारीत त्याची बातमी आली. क्षार आणि काजळीच्या थराखाली लाल-निळ्या रंगांचे अंश, मुकुट, ताडाची पाने, पुरुषलिंगाची चित्रे अशी रेखाटने सापडली. नंतरच्या शतकांतल्या पर्यटकांनी खरडलेली नावेही होती. चर्चा रेखाटनांची झाली. डॉक्टर म्हणून माझे लक्ष त्यांच्यावरच्या थराकडे जाते.

कोलोसियमची बाहेरची भिंत ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाची आहे. धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून या दगडाचे जिप्सम करतो. त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. ती पाण्याच्या बारीक फवाऱ्याने मऊ करून काढता येते.

फुप्फुसांना ही सोय नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी कार्बन गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो काळ्या ठिपक्यांच्या रूपाने तिथेच राहतो. अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. २०१३च्याच ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक ठरवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलोसियमलगतच्या रस्त्यावर खासगी वाहनांना बंदी आली. ती घालणारे महापौर इग्नात्सिओ मारिनो हे यकृत प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद. आपल्याकडेही ताजमहाल वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना गॅस वापरा किंवा स्थलांतर करा, असे बजावले होते. दोन्ही निर्णय योग्यच होते.

पण संगमरवर पिवळा पडला की दिसतो. सहा वर्षांच्या मुलाचे फुप्फुस काळवंडले तर कोणाला दिसत नाही. तो दम्याचा पंप घेऊन येतो, आम्ही औषध बदलून देतो आणि तो पुन्हा त्याच रस्त्याने शाळेत जातो. म्हणून शाळा आणि रुग्णालयांभोवतीचे रस्ते वारसास्थळांइतकेच जपायला हवेत. शाळा भरताना-सुटताना तिथे खासगी वाहनांना मज्जाव, इंजिन चालू ठेवून थांबण्यास बंदी आणि हवेचे मोजमाप फाटकाबाहेर फलकावर, एवढे महापालिकेला आजही करता येईल.