पूर्वस्थितीचं खोटं आश्वासन

नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ज्या खांबाला टेकून ग्रंथ सांगितला असं मानतात, तो खांब आजही तिथल्या मंदिरात उभा आहे. पण सच्चिदानंदबाबांच्या हातची मूळ पोथी कोणाकडेही नाही.

तरीही ज्ञानेश्वरी आहे, कारण लोकांनी ती उतरवून घेतली आणि त्या नकलांवरून पुन्हा नकला केल्या. त्या करताना चुका शिरल्या, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या पोथ्या जमवून ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. यात पुन्हा कोणी आपलं काही घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली.

माझ्या धंद्याच्या भाषेत हा २९४ वर्षांनंतर केलेला रिस्टोअर आहे. तोही वादापलीकडचा नाही. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि ती पोथी खरंच किती जुनी यावर अभ्यासक भांडले. म्हणजे मागे जाणं हे असं काम आहे. त्याला दुसरीकडे ठेवलेली प्रत लागते, ती ताडून पाहणारा माणूस लागतो, आणि एवढं करूनही 'हीच पूर्वस्थिती' असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि आमचा धंदा गेली पंचवीस वर्षं लोकांना सांगतोय की हे एका बटणाचं काम आहे.

'सिस्टीम रिस्टोअर' हे विंडोजमधलं बटण २००० साली विंडोज मी बरोबर आलं. संगणक बिघडला की तारीख निवडा, 'नेक्स्ट' दाबा, त्या दिवशी होता तसा संगणक परत मिळेल, अशी त्याची मांडणी. आता नेवासा फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात जा आणि विचारा, हे बटण वेळेला किती उपयोगी पडलं? मी नेवाशाचा. सुट्टीत गावी गेलो की 'तुम्ही कॉम्प्युटरवाले ना' म्हणून अशा दुकानांत मला बसवलं जातं. बाहेर पीक विम्याच्या शेवटच्या तारखेची रांग असते, अपडेटनंतर प्रिंटर मुका झालेला असतो आणि पडद्यावर लिहिलेलं असतं की सिस्टीम रिस्टोअर यशस्वीपणे पूर्ण झालं नाही, तुमच्या संगणकात कोणताही बदल झालेला नाही.

यावर करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. खाली ८००७०००५ हा आकडा असेल तर रिस्टोअरला एखाद्या फाइलला हात लावू दिला गेलेला नाही. बहुतेक वेळा अडवणारा अँटिव्हायरस असतो. तो तात्पुरता बंद करा, किंवा सेफ मोडमध्ये जाऊन तेच पुन्हा करा. ८००७००९१ असेल तर रिकामा असायला हवा तो फोल्डर भरलेला आहे, आणि तो सहसा स्टोअरमधल्या ॲप्सचा असतो. अशा वेळी विंडोज सुरू न करता रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावरून रिस्टोअर चालवून पाहा. त्याआधीचा पॉइंट निवडून पाहा. चेक डिस्क चालवा, कारण डिस्कच मरायला टेकली असेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

हे सगळं बरोबर आहे, कधीकधी चालतंही. पण बहुतेक वेळा खरा प्रश्न त्याच्या आधीच संपलेला असतो. यादी उघडली की दिसतं, एकही रिस्टोअर पॉइंट नाही. विंडोज १० पासून ही सोय बऱ्याच संगणकांवर मुळातच बंद असते. ती चालू असली तरी तिला डिस्कवर ठराविक जागा दिलेली असते, आणि ती भरली की सर्वांत जुना पॉइंट न विचारता पुसला जातो. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या एका अपडेटनंतर तर पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवसच ठेवले जातात. शिवाय हे पॉइंट राहतात त्याच डिस्कवर, म्हणजे घर जळालं तर विम्याचा कागदही त्याच घरात. आणि तुमचे फोटो, बिलं, एक्सेलच्या फाइली यांची प्रत त्यात जातच नाही. तो फक्त विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज मागे नेतो.

यातली किती वाक्यं त्या बटणाच्या शेजारी लिहिलेली आहेत? दुकानदाराला समजेल अशा भाषेत, त्याला दिसेल अशा जागी, जवळजवळ एकही नाही.

मग दुकानदार काय करतो? 'फॉरमॅट मारून द्या' म्हणतो. आमचे इंजिनिअर मित्र या वाक्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. फॉरमॅट मारणं ही आपल्या तालुक्याच्या गावांतली एकमेव विश्वासार्ह रिस्टोअर पद्धत आहे. ती पाचशे-सातशे रुपयांत होते, संध्याकाळपर्यंत होते आणि जे सांगितलं तेच करते. तिच्यासोबत एक समजूतही आली आहे, 'डेटा डी ड्राईव्हला आहे, काही होत नाही.' सी आणि डी ही बहुतेक संगणकांत एकाच डिस्कची दोन नावं असतात. फॉरमॅटमध्ये डी वाचतो म्हणून लोकांना वाटतं तो डिस्क जळाल्यावरही वाचेल. ही समजूत चुकीची आहे, पण ती अडाणीपणातून आलेली नाही. लोकांनी अनुभवातून एक प्रामाणिक नियम काढला, आणि त्याची मर्यादा सांगायची जबाबदारी ज्यांची होती ते गप्प बसले.

गप्प बसणं म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण देतो. विंडोजची सगळी सेटिंग्ज ज्या नोंदवहीत असतात तिला रजिस्ट्री म्हणतात. ती खराब झाली तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून पूर्वी विंडोज वेळोवेळी तिची एक प्रत 'रेगबॅक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत असे. २०१८ च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हे बंद केलं. बंद केलं तेही कसं? फोल्डर तसाच राहिला. आतल्या फाइलींची नावं तशीच राहिली. फक्त प्रत्येक फाइलचा आकार शून्य झाला. कंपनीनेच नंतर स्पष्ट केलं की हा बिघाड नाही, ठरवून केलेला बदल आहे, आणि हेतू विंडोजने डिस्कवर व्यापलेली जागा कमी करण्याचा आहे. मग रजिस्ट्री बिघडली तर काय करायचं? कंपनीचा सल्ला होता, रिस्टोअर पॉइंट वापरा. म्हणजे तोच पॉइंट, जो बऱ्याच संगणकांवर मुळात तयारच होत नाही.

सोय काढून टाकणं मी समजू शकतो. पण सोय काढून तिची पाटी तशीच लटकवून ठेवणं ही फसवणूक आहे, कायद्याच्या भाषेत ती बसो वा न बसो. गावच्या वाण्याने डबे रिकामे करून वरची 'तूरडाळ', 'साखर' ही लेबलं तशीच ठेवली, तर गिऱ्हाईक त्याला काय म्हणेल?

यावर आमच्या क्षेत्रातून तीन उत्तरं येतात.

पहिलं: 'बॅकअप घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.' मान्य, पण जबाबदारी टाकायची तर आधी माहिती द्यावी लागते. गाडीचा सीटबेल्ट लावणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, म्हणून कंपनी नुसता पट्टा लटकवून आतलं कुलूप काढून ठेवत नाही.

दुसरं: 'आता सगळं क्लाउडवर असतं.' हे उत्तर देणाऱ्याने सिंक आणि बॅकअप यांतला फरक स्वतःला एकदा समजावून घ्यावा. सिंक म्हणजे आरसा. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. मार्चमध्ये पुसलेली फाइल जूनमध्ये लागली, तर क्लाउड तुमच्याकडे शांतपणे बघत राहतो.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे: 'जुन्या स्थितीत जाणं धोकादायक असतं, जुन्या आवृत्तीतली भोकं चोरांना माहीत असतात.' हे खरं आहे. म्हणूनच तुमच्या हातातल्या फोनवर हे बटण दिसतही नाही. ॲपलने जुन्या आयओएसवर सही करणं थांबवलं की आयफोन त्या आवृत्तीवर परत नेता येत नाही. अनेक अँड्रॉइड फोनही जुनी प्रणाली चढवू देत नाहीत. हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि सुरक्षेसाठी मागचा रस्ता बंद करणं मला पटतंही. पण मग अपडेटच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'यानंतर परत येता येणार नाही.' रस्ता बंद असेल तर बंद असल्याची पाटी लावा. मोकळा असल्याची पाटी लावून पुढे भिंत बांधू नका.

ही सवय फक्त घरगुती संगणकांपुरती असती तर मी एवढा चिडलो नसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला एक सदोष फाइल जगभर पाठवली. चूक कळल्यावर १०:५७ ला ती मागे घेतली. कागदावर पाहिलं तर ७८ मिनिटांत रोलबॅक, उत्तम कामगिरी. प्रत्यक्षात सुमारे ८५ लाख संगणक तोवर निळ्या पडद्यावर अडकून पुन्हापुन्हा बंद-चालू होत होते. दुरुस्त फाइल घ्यायला संगणक आधी चालू राहायला हवा, आणि तो राहतच नव्हता. शेवटी माणसं एकेका मशीनपाशी गेली, सेफ मोडमध्ये शिरली आणि ती फाइल हाताने पुसली. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

त्याआधी २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोसळलं आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. खंडणी मागणारा दिसणारा हा प्रोग्रॅम प्रत्यक्षात डेटा परत मिळण्याची वाटच ठेवत नव्हता. मर्स्ककडे आपल्या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची आणि वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते, एकमेकांची प्रत ठेवणारे. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हा हिशेब कोणी केला नव्हता. वाचला फक्त घानामधला एक, आणि तोही हुशारीने नाही. तिथे वीज गेली होती म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीची पूर्वस्थिती भारनियमनासारख्या एका योगायोगाने वाचली.

१५० आरसे कामाला आले नाहीत, कारण ते सगळे एकाच जाळ्यात होते. दूर, तुटलेली, वेगळी राहिलेली एक प्रत कामाला आली. पोथ्यांचंही असंच झालं. एका गावच्या मठाला आग लागली तरी दुसऱ्या गावच्या घरातली पोथी राहते. एकनाथांना ताडून पाहायला काहीतरी मिळालं ते यामुळेच.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या कंपन्यांइतक्याच आम्हा इंजिनिअर लोकांकडे आहेत. मागे नेण्याची सोय देत असाल तर ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ती बंद पडली, जागा संपली, प्रत शून्य आकाराची झाली, तर पडद्यावर ओरडा. अँटिव्हायरसचं लायसन्स संपत आलं की महिनाभर ओरडता, तेवढंच ओरडा. काय परत येईल आणि काय येणार नाही, हे मराठीत, बटणाच्या शेजारी लिहा. आणि आपल्या मीटिंगमध्ये 'रोलबॅक प्लॅन' या रकान्यात 'रिव्हर्ट करू' एवढं लिहून पुढे जाणाऱ्याला थांबवा. कोड मागे जातो. त्या कोडने मधल्या दोन तासांत बदललेल्या ग्राहकांच्या नोंदी आपोआप मागे जात नाहीत.

आणि हे होईपर्यंत तुमच्यासाठी, म्हणजे फोनवर हे वाचणाऱ्यांसाठी: जे गमावून चालणार नाही ते वेगळ्या डिस्कवर उतरवा, आणि उतरवून झालं की वायर काढून ठेवा. वायर लावून ठेवलेली डिस्क त्याच जाळ्यातली डिस्क असते. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, मामाकडे, मैत्रिणीकडे, कुठेही. मग एखाद्या रविवारी त्यातली एक फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. उघडली नाही तर तुमच्याकडे बॅकअप नाही, फक्त नावं असलेल्या शून्य आकाराच्या फाइली आहेत.

गावच्या दुकानदाराला हे सांगायला मी तयार आहे आणि सांगतोही. पण त्याच्या संगणकावर ती पाटी आम्ही लावलेली आहे. ती खरी करण्याचं किंवा काढून टाकण्याचं काम त्याचं नाही, आमचं आहे.